गोळीवर कुलूप आहे. मुलाची नोंद कुठे आहे?

मेथिलफेनिडेट हे औषध आपल्या देशात सहजासहजी मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत ते आहे आणि १९४५ च्या औषध नियमांतील ‘एक्स’ अनुसूचीतही आहे. त्यामुळे ते विकणाऱ्या दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, माल स्वतंत्र कपाटात कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतील एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. नशेसाठी गैरवापर होऊ शकणाऱ्या द्रव्याबाबत शासनाने इतकी दक्षता घ्यावी, यात वावगे काही नाही. परंतु ज्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटात ही गोळी रोज सकाळी जाते, त्याचे वजन गेल्या दिवाळीला किती होते आणि आज किती आहे, हे लिहून ठेवण्याचे बंधन दुकानदारावर नाही, शाळेवर नाही आणि घरातही कोणावर नाही. गोळीचा हिशेब चोख आहे. मुलाच्या हिशेबाला वहीच नाही.

लक्ष एकाग्र न होणे, सतत चुळबुळ, विचार न करता कृती, ही लक्षणे वयाला न शोभतील इतकी तीव्र असतील, घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसत असतील आणि मुलाचे जगणे त्यामुळे अडत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणते. पालकांच्या तोंडी मात्र ‘एडीएचडी’ हीच अक्षरे रुळली आहेत. जगभरात साधारण शंभरातील पाच मुलांमध्ये हा विकार आढळतो, असे मानले जाते. हट्टीपणा, लाड किंवा आईचे दुर्लक्ष यांतून तो उद्भवत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ‘बापही लहानपणी असाच होता’ हे आजीचे वाक्य पुष्कळदा निदानाच्या जवळ जाणारे असते, पण ते उच्चारले जाते ते उपचार टाळण्यासाठी!

जळगाव महापालिकेच्या हद्दीतील पिंप्राळा ही आता नावापुरतीच गाव उरलेली वस्ती. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा तिचे जुने गावपण दिसते. एरवी नोकरदार, शिक्षक, छोटे व्यावसायिक यांच्या वसाहतींनी ती भरून गेली आहे. मुलांना इंग्रजी माध्यमात घालावे, संध्याकाळी शिकवणीला पाठवावे आणि दहावीला नव्वद टक्क्यांच्या पुढे न्यावे, हा या घरांचा साधा, प्रामाणिक ध्यास. अशा घरात हा विकार शिरतो तो बहुधा शाळेच्या डायरीतील शेऱ्यातून. ‘एका जागी बसत नाही’, ‘वही अपूर्ण’, ‘इतरांना त्रास देतो’. मग समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ अशी वाटचाल सुरू होते आणि शेवटी एके दिवशी ती गोळी घरात येते.

अशा काही घरांतील पालकांशी अलीकडे बोलणे झाले. एका घरी मुलगा शाळेतून डबा जसाच्या तसा परत आणू लागला. ‘पोर वाळत चाललंय’ म्हणून आजीने गोळी बंद करायला लावली आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना मात्र ‘चालू आहे’ असे सांगण्यात आले. डॉक्टरांनी उपयोग दिसत नाही म्हणून मात्रा वाढवून दिली! दुसऱ्या घरी मुलगी रात्री बारा-साडेबारापर्यंत टक्क जागी असते; पण शाळेतून तक्रार येणे थांबले आहे, त्यामुळे झोपेचा विषय डॉक्टरांकडे निघालेलाच नाही. तिसऱ्या घरी गोळी घशाखाली उतरत नाही, म्हणून आई ती खलबत्त्यात कुटून शिकरणातून देत होती. ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी होती. कुटल्यामुळे दिवसाचे औषध एकदम अंगात गेले आणि मुलाच्या छातीत धडधडू लागले. या तिन्ही घरांतील माणसे सुशिक्षित आहेत, मुलांवर जीव टाकणारी आहेत. त्यांना कोणी नीट सांगितलेले नव्हते, एवढेच.

या औषधांचा इतिहास जुना आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिले आणि अंगात चैतन्य आणणाऱ्या त्या औषधाने काही मुले शांत होऊन गणिते सोडवू लागली, असे त्यांना आढळले. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआन्द्रो पानिझ्झोन या रसायनज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले आणि पत्नी रीटाच्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ हे नाव दिले. उत्तेजकाने मूल शांत कसे होते, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. मेंदूतील डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या संदेशवाहक द्रव्यांचा प्रभाव हे औषध वाढवते. स्वतःला आवरणे, हातातील कामावर टिकून राहणे ही कामे करणाऱ्या मेंदूच्या भागाला त्यामुळे बळ मिळते. म्हणजे मुलाला गुंगी येत नाही. आवरण्याची शक्ती जागी होते. गोळी घेतल्यावर मूल गप्प, निर्विकार, पुतळ्यासारखे बसू लागले, तर तो औषधाचा गुण नव्हे. बहुधा मात्रा अधिक झाल्याची ती खूण असते आणि ‘आता किती शहाणा झाला’ असे म्हणून शिक्षकांनी तिचे स्वागत करणे, हे तर सर्वांत वाईट.

दुष्परिणामांपैकी सर्वांत नेहमीचा म्हणजे भूक मरणे. साधी गोळी साधारण चार तास आणि लांबवलेली आठ ते बारा तास काम करते. तेवढा वेळ अन्नावरची वासना उडते. दुपारचा डबा परत येतो तो यामुळे. संध्याकाळी औषध उतरले की भूक परतते. काही मुले त्याच वेळी विलक्षण चिडचिडी होतात, रडतात, भांडतात. हे औषध उतरण्याचे लक्षण आहे हे माहीत नसले, की त्या वेळी मुलाला मार बसतो. शिकवणीची वेळही नेमकी तीच! याखेरीज पोटदुखी, डोकेदुखी, झोप उशिरा लागणे हे त्रास पुष्कळांना सुरुवातीच्या आठवड्यांत होतात आणि मात्रा किंवा वेळ बदलल्यावर बऱ्याचदा ओसरतात. काही मुलांमध्ये डोळे मिचकावणे, मान झटकणे अशा अनैच्छिक हालचाली दिसतात. नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतो.

भुकेचा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळ्या रीतीने बिकट होतो. मार्च-एप्रिलमध्ये खानदेशात पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळा सकाळच्या होतात. सव्वासहाला मुलाला उठवायचे, गोळी द्यायची, अर्धा कप दूध पाजायचे आणि रिक्षात बसवायचे. या घाईत न्याहारी बुडते, पुढे डबा बुडतो आणि उन्हात घरी आलेल्या मुलाला ना भूक ना तहान. उपाय मात्र घरातच आहे. गोळी देण्याआधी पोटभर न्याहारी, तीही बिस्किटांची नव्हे, संध्याकाळी औषध उतरल्यावर दुसरे पूर्ण जेवण, झोपण्यापूर्वी दूध-केळे. वरणबट्टी दुपारी नको झाली, तर रात्री नऊला द्यावी. जेवणाच्या वेळा मुलाच्या भुकेप्रमाणे हलवणे एवढेच काम आहे. पण स्वयंपाकघराची ही घडी बसवण्यासाठी भूक का मेली, हे आधी घराला कळायला हवे.

उंचीचे काय, हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात आणि त्याचे उत्तर टाळले जाते. उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, तीन वर्षे सलग औषध घेतलेली मुले औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे दोन सेंटीमीटरने बुटकी आणि सुमारे पावणेतीन किलोने हलकी राहिली, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हीच मुले तरुण झाल्यावर, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, औषध घेतलेल्यांच्या प्रौढ उंचीत सुमारे अडीच सेंटीमीटरचा फरक आढळला. एक इंच! ज्या मुलाचे शिक्षण, मैत्री आणि आत्मसन्मान पणाला लागले आहेत, त्याच्यासाठी हा सौदा परवडणारा असू शकतो. ज्याचा त्रास सौम्य आहे त्याच्यासाठी नसेलही. निर्णय कोणताही असो, तो माहितीनिशी व्हावा. फरक एका इंचाहून मोठा होत चालला असेल, तर तो ओळखता यावा, आणि त्यासाठी दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा तरी हव्यात.

हृदयाविषयीची भीती २००५-०६ च्या सुमारास जगभर पसरली होती. कॅनडाने एक उत्तेजक औषध २००५ मध्ये काही महिने बाजारातून काढूनच घेतले होते. पुढे २०११ मध्ये बारा लाख मुले व तरुणांच्या नोंदी तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि गंभीर हृदयविकार वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. मात्र ज्या मुलाला जन्मतः हृदयदोष आहे, जो खेळताना भोवळ येऊन पडतो किंवा ज्याच्या घराण्यात तरुणपणी आकस्मिक मृत्यू झाला आहे, त्याची आधी तपासणी झालीच पाहिजे. ‘घरात कोणी अचानक गेले होते का’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर पालकांनी आपण होऊन सांगावे. भास होणे, नसलेले आवाज ऐकू येणे हा दुष्परिणाम विरळा, हजारात एखाद्याला होणारा. पण तो झाला तर ‘बाहेरची बाधा’ म्हणून इकडे-तिकडे फिरण्यात आठवडे न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सहा वर्षांखालील मुलांची गोष्ट वेगळीच. त्यांच्यात दुष्परिणाम अधिक दिसतात, म्हणून त्या वयात पालकांना वर्तन हाताळण्याचे शिक्षण देणे हाच पहिला उपचार मानला जातो. लांबवलेल्या उत्तेजक औषधांमुळे या वयात वजन घटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये पुन्हा दिला आहे. बालवाडीतून ‘गोळी सुरू करा’ असा निरोप आला, तर पालकांनी तो नम्रपणे परत पाठवावा.

आता त्या ५७९ मुलांच्या अभ्यासातील एक निष्कर्ष, जो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९९९ मध्ये चौदा महिन्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा औषध गटातील मुलांची लक्षणे चांगली आवरली गेली होती. पण एक गट असा होता, की ज्याला अभ्यासातून उपचार न देता आपापल्या गावच्या डॉक्टरांकडे जाऊ दिले होते. त्यातील दोन-तृतीयांश मुले तशाच प्रकारची औषधे घेत होती. तरीही त्यांची सुधारणा कमी होती. फरक देखरेखीत होता. अभ्यासातील डॉक्टर दरमहा अर्धा तास मुलाला भेटत, शिक्षकांकडून माहिती घेत, मात्रा काळजीपूर्वक ठरवत. गावच्या डॉक्टरांची भेट वर्षातून एक-दोनदा, तीही उभ्याउभ्या. गोळी तीच, गुण निराळा. आणखी एक नोंद घेण्यासारखी आहे. पुढे ही कडक देखरेख संपल्यावर तीन वर्षांच्या पाहणीत गटांमधील फरक पुसला गेला. पहिल्या वर्षाचा गुण आपोआप टिकत नाही, असा याचा सरळ अर्थ.

हे अमेरिकेतले. आपल्याकडे उपचाराचा मार्ग बाजारातील उपलब्धतेनेही वळतो. ‘एक्स’ अनुसूचीचा परवाना थोड्याच दुकानांकडे असतो. औषध संपले की जळगावहून नाशिक, पुणे, मुंबईला कोणी जाणारे आहे का, याची चौकशी सुरू होते आणि तोवर आठ-दहा दिवस खंड पडतो. मग डॉक्टरही व्यवहार पाहून ॲटोमॉक्सेटिनसारखे, या अनुसूचीत नसलेले औषध लिहून देतात. ते उत्तेजक नाही आणि अनेकांना ते मानवतेही. पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्याचेही दुष्परिणाम आहेत. विरळा यकृताला इजा, तसेच काही मुलांमध्ये आत्मघाताचे विचार, यांचा इशारा त्याच्या वेष्टनावर असतो. क्लोनिडिन चालू असेल, तर ते अचानक थांबवल्यास रक्तदाब उसळतो. आजीच्या सांगण्यावरून परस्पर बंद करायचे हे औषध नव्हे. कुलूप नशेखोरांना रोखण्यासाठी आहे. त्याने आजारी मुलांचा मार्ग अडू नये, यासाठी जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातून या औषधाचा नियमित पुरवठा व्हावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि धुळ्याला तर त्याहून कितीतरी आधीपासून.

आपल्या वाचकवर्गात एक शंका दृढ आहे. हा सगळा पाश्चात्त्य औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा नाही का? शंकेला आधार नाही असे नाही. अमेरिकेत २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत तीन ते सतरा वर्षांच्या शंभरातील अकराहून अधिक मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालेले आढळले. तिथे औषधांच्या जाहिराती थेट पालकांपर्यंत पोहोचतात आणि अतिनिदानाची चर्चा तिथले डॉक्टरच करतात. पण तिथल्या अतिरेकाचे उत्तर इथल्या अभावाने कसे देता येईल? खानदेशातील खेड्यात अशा मुलाला आजही निदान मिळत नाही, छडी मिळते. तो वर्गाबाहेर उभा राहतो, नववीत शाळा सोडतो आणि आयुष्यभर ‘वाया गेलेला’ ठरतो. औषधाच्या दुष्परिणामांची यादी करताना औषध न मिळाल्याच्या परिणामांचीही यादी करावी लागेल, आणि ती अधिक लांब होईल.

दुसरी शंका आयुर्वेदाची. ब्राह्मी आणि शंखपुष्पी यांविषयी आदर असणाऱ्या घरांत ती सिरपे गोळीसोबत सर्रास चालू असतात आणि डॉक्टरांना ते सांगितले जात नाही. ‘त्यांना आवडणार नाही’ म्हणून! दोन्ही उपचार करणाऱ्यांना एकमेकांच्या औषधाची माहिती देणे हे किमान कर्तव्य होय. नियमित व्यायाम, मैदानी खेळ, प्राणायाम यांनी मुलाचे स्वास्थ्य सुधारते यात शंका नाही. मात्र तीव्र विकारात ते औषधाची जागा घेतात असे म्हणणे धाडसाचे आहे. आणि एक गोष्ट तर उलट आयुर्वेदाकडूनच घेण्याजोगी आहे. चांगला वैद्य नाडी पाहताना आधी काय विचारतो? भूक कशी आहे, झोप कशी आहे, पोट साफ होते का. या गोळीच्या बाबतीत विचारायचे मुख्य प्रश्न हेच आहेत. ही परंपरा अंगी मुरलेल्या घरात मुलाच्या भुकेची आणि झोपेची नोंद नसावी, याचे नवल वाटते.

नोंद म्हणजे काय, तेही सांगतो. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उंची दर सहा महिन्यांनी, वजन दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दर तीन महिन्यांनी व त्यापुढे सहा महिन्यांनी, नाडी व रक्तदाब मात्रा बदलताना आणि एरवी दर सहा महिन्यांनी पाहावा. वजन घटत असेल किंवा उंची अडली असेल, तर सुट्टीत औषधाला विश्रांती द्यायची का, हे डॉक्टरांनी ठरवावे. प्रत्येक मुलाला ती लागतेच असे नाही. यासाठी लागणारी साधने कोणती? वजनकाटा, मोजपट्टी, रक्तदाब मोजण्याचे लहान मुलांच्या मापाचे यंत्र आणि शंभर पानी वही. त्यात झोपण्याची वेळ आणि डब्याचे काय झाले, या दोन ओळी आईने किंवा वडिलांनी लिहाव्यात. वडिलांनी लिहिल्या तर अधिक बरे, कारण आज ही सारी काळजी आईच्या एकटीच्या खांद्यावर आहे आणि दोषही तिच्याच पदरी येतो.

घरात मोठा भाऊ-बहीण नीटची किंवा जेईईची तयारी करीत असेल, तर गोळ्यांची मोजणी आणखी एका कारणासाठी हवी. ‘अभ्यास होतो’ म्हणून धाकट्याची गोळी परीक्षेच्या रात्री घेण्याचा मोह जगभर दिसला आहे. असा गैरवापर आणि इतरांना गोळ्या देणे यांविषयीचा इशारा अमेरिकेने २०२३ मध्ये अधिक ठळक करायला लावला. दुकानातले कुलूप घरातही असावे.

शाळांची जबाबदारी मोठी आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत या विकाराचा समावेश आहे. त्याची पथके शासकीय आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातात, मुलांचे वजन-उंची घेतात. परंतु पिंप्राळ्यातील ज्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांच्या डायऱ्यांतून हे शेरे निघतात, तिथे हे पथक जात नाही. ‘मुलाला डॉक्टरांना दाखवा, नाहीतर दाखला घेऊन जा’ असे सांगणाऱ्या संस्थेने तितक्याच तत्परतेने त्या मुलाचा डबा उघडला गेला की नाही, हे पाहावे. महिन्यातून एकदा वर्गशिक्षिकेने चार ओळी लिहून पालकांच्या हाती द्याव्यात, त्या डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचाव्यात. त्याला शासननिर्णय लागत नाही.

पालकांना बोलायला कोणी नसेल, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा शासकीय मानसिक आरोग्य क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटले, तर त्याची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे करता येते. डॉक्टरांनीच करावी असे बंधन नाही, पालकही करू शकतात. त्यासाठीचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फोन करताना मुलाचे वय, वजन, औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख जवळ असावी. शंभर पानी वहीतून ती लगेच सांगता येते.